नावांतील आणि शब्दांतील लॅटिन व गेलिक मूळ कसे शोधावे

'माल्कम' या नावाचा अर्थ विचारला, तर 'कोलुम्बाचा सेवक' किंवा 'कबुतराचा सेवक' असे उत्तर बहुतेक नामकोशांत मिळते. ते चुकीचे नाही. परंतु तेवढे उत्तर घेऊन आपण थांबलो, तर त्या नावातले जे खरोखर पाहण्यासारखे आहे ते पाहायचे राहून जाते. जुन्या गेलिकमध्ये, म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत (आयरिश हे तिचेच एक रूप), हे नाव 'मेल कोलुम' असे होते. 'मेल' म्हणजे मुंडन केलेला, आणि त्यावरून एखाद्या संताचा भक्त किंवा दास. 'रामदास', 'हरिदास' या नावांत 'दास' हे पद शेवटी येते, तर तिथे त्याच अर्थाचे पद नावाच्या आरंभी येते. 'कोलुम' हे संत कोलुम्बांचे नाव होय. ते इ.स. 563 मध्ये आयर्लंड सोडून स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील आयोना बेटावर आले आणि 597 मध्ये तिथेच वारले. लॅटिनमध्ये 'कोलुम्बा' म्हणजे कबूतर. म्हणजेच ज्या नावाचे चार राजे स्कॉटलंडच्या गादीवर बसले आणि जे नाव अस्सल स्कॉटिश समजले जाते, त्याचा पूर्वार्ध गेलिक असून उत्तरार्ध लॅटिन आहे.

म्हणून 'हे नाव लॅटिन की गेलिक?' हा प्रश्न अख्ख्या नावाला विचारू नये. नावाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा, आणि त्याच्या जोडीला तो तुकडा त्या नावाच्या भाषेत केव्हा आला हेही विचारावे. अर्थ सर्वांत शेवटी पाहावा. उच्चार आणि काळ यांचा हिशेब जुळला की अर्थ बहुधा आपोआप हाती येतो; आधी अर्थ ठरवून मग त्याला रूप जुळवायला बसले, की चूक होणे जवळजवळ ठरलेले असते.

आधी जुने रूप

पहिले काम म्हणजे नावाचे सर्वांत जुने लिखित रूप मिळवणे. आज इंग्रजीत दिसणारे आयरिश आणि स्कॉटिश नावांचे स्पेलिंग बहुतेक वेळा गेलिक न जाणणाऱ्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते. 'मकॉय', 'मॅके', 'मगी' आणि 'हेज' ही चार आडनावे शेजारी ठेवली, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वाटणार नाही. प्रत्यक्षात चारही नावे 'आग' या अर्थाच्या एकाच जुन्या गेलिक पुरुषनामावरून, 'एध' या नावावरून आली आहेत. 'मकॉय' आणि 'मॅके' यांमध्ये कानाला ऐकू येणारा 'क' मूळ नावाचा नसून आधीच्या 'मॅक'चा शेवट पुढच्या नावाला चिकटलेला आहे, आणि 'हेज'मधील 'ह' हा 'ओ' या उपपदानंतर स्वरापूर्वी येणारा व्याकरणाचा 'ह' आहे. जुने रूप समोर नसेल, तर हे कितीही बुद्धी चालवली तरी कळत नाही.

गावाच्या नावाबाबत हे काम सोपे झाले आहे. आयर्लंडमध्ये 1824 पासून सर्वेक्षण सुरू झाले आणि 1830 च्या दशकात जॉन ओ'डोनोव्हन या विद्वानाने परगण्यापरगण्यांत फिरून, गावातील आयरिश बोलणाऱ्यांना विचारून नावांची मूळ रूपे नोंदवली. आज 'लोगानम' या सरकारी स्थलनामकोशात गावाचे इंग्रजी रूप, आयरिश रूप आणि अनेकदा जुन्या कागदपत्रांतील रूपे एकत्र पाहता येतात. जुन्या आयरिश शब्दांसाठी रॉयल आयरिश अकादमीच्या कोशावर आधारलेला ऑनलाइन कोश वापरावा, कारण त्यात साधारण सातव्या-आठव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतची रूपे आहेत. लॅटिनसाठी 1879 चा लुइस आणि शॉर्ट यांचा कोश अजूनही उत्तम सोबती आहे आणि तोही ऑनलाइन खुला आहे.

व्यक्तिनामांच्या बाबतीत एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ लोक अडकतात. आयर्लंडमधील अनेक कॅथलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी लॅटिनमध्ये ठेवल्या जात. पाद्रीबाबा घरात हाक मारण्याचे नाव लिहीत नसत. त्याच्या जागी कानाला जवळ वाटणारे एखादे 'शिष्ट' नाव लिहीत. 'कोनहूर' या आयरिश नावाऐवजी 'कॉर्नेलियस', 'ओवेन'ऐवजी 'युजिनियस', 'टाइग'ऐवजी 'थॅडियस' किंवा 'टिमोथी', 'डर्मट'ऐवजी 'जेरेमिया' असे हे व्यवहार होते. कॉर्नेलियस हे खरोखर प्राचीन रोमन कुळाचे नाव आहे, म्हणून नोंदवहीत ते दिसले की पूर्वजांचा रोमशी काही संबंध असावा असे कोणालाही वाटेल. परंतु त्या घरात आईने हाक मारली असेल ती 'कोनहूर' अशीच. त्यामुळे नोंदवहीतील लॅटिन नाव हा लॅटिन मुळाचा पुरावा कधीच मानू नये. ते त्या नोंदवहीच्या भाषेचे रूप आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

वरची सालपटे काढणे

जुने रूप मिळाले की त्याच्या कडेचे तुकडे सुटे करावेत. 'मॅक' म्हणजे मुलगा, आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. 'मॅक' किती जुना आहे हे पाहायचे असेल, तर ओगम या आयर्लंडच्या प्राचीन लिपीतील दगड पाहावेत. कडेवर रेघा ओढून लिहिलेले असे सुमारे चारशे दगड उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक आयर्लंडच्या दक्षिण भागात सापडतात. त्यांवर 'अमुकाचा, तमुकाच्या मुलाचा' अशा अर्थाचा ठरावीक मजकूर असतो, आणि 'मुलाचा' यासाठी शब्द येतो 'मक्वी'. मुलीच्या आडनावात 'मॅक'च्या जागी 'निक' आणि 'ओ'च्या जागी 'नी' येते, हेही लक्षात ठेवावे, नाही तर भावाबहिणींची आडनावे दोन वेगळ्या घराण्यांची वाटतात.

'फिट्झ' दिसला की मात्र सावध व्हावे. तोही 'मुलगा' याच अर्थाचा आहे. पण तो लॅटिन 'फिलिउस'पासून फ्रेंचमार्गे आला आणि 1169 पासून आयर्लंडमध्ये उतरलेल्या, मूळच्या फ्रान्सकडील नॉर्मन लोकांनी तो तिथे रुजवला. त्यामुळे 'फिट्झजेराल्ड' कितीही आयरिश वाटले, तरी त्यात गेलिकचा अंश नाही: पहिला तुकडा लॅटिन आणि दुसरा जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातला, आहे. याला एक मोठा अपवाद आहे तो 'फिट्झपॅट्रिक' हा. ते मुळात 'पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा' अशा अर्थाचे 'मॅक गिल्ला फाद्रिग' हे पूर्ण गेलिक घडणीचे आडनाव होते आणि पुढे त्याला नॉर्मन वेष चढवला गेला.

आता एक नाव अगदी जवळून पाहू. 'मॅक्टॅगर्ट' मधून 'मॅक' काढला की 'टॅगर्ट' उरते, आणि कोशात 'टॅगर्ट' असा शब्द शोधत बसले तर तो सापडत नाही. मूळ रूप आहे 'मॅक अन टागर्त', म्हणजे 'धर्मगुरूचा मुलगा'. धर्मगुरूसाठी गेलिक शब्द 'सागर्त' असा आहे. पण त्याच्याआधी 'अन' हे निश्चयवाचक उपपद आले की काही ठिकाणी 'स'च्या आधी 'ट' येतो आणि 'स' मुका होतो. लिखाणात 'ट' आणि 'स' दोन्ही राहतात, कानावर फक्त 'ट' पडतो, आणि इंग्रजी कारकुनाने कानावर पडलेला 'ट' लिहिला. तो 'ट' काढून 'स' परत बसवला की 'सागर्त' मिळतो, आणि तो लॅटिन 'साकेर्दोस' म्हणजे पुरोहित याचेच रूप आहे. 'मॅकिन्टायर' मध्येही अगदी हाच 'ट' आहे. तिथे तो काढला की 'साइर' उरतो, म्हणजे सुतार, आणि तो शब्द गेलिकचा स्वतःचा आहे. दोन आडनावे, दोन्हींत एकच व्याकरण. पण एकाच्या पोटात लॅटिन आहे आणि दुसऱ्याच्या पोटात नाही.

मराठी माणसाला हा प्रकार समजायला जड जाऊ नये. 'घोडा' हा शब्द प्रत्यय लागताच 'घोड्या-' होतो हे आपण न शिकता जाणतो. गेलिकमध्ये असा बदल शब्दाच्या शेवटी तर होतोच, पण आरंभीही होतो, हाच काय तो फरक. 'शेमस'ला हाक मारताना 'अ हेमिश' असे म्हणतात, कारण संबोधनात आरंभीचा 'श' मऊ होऊन 'ह' बनतो. स्कॉटलंडबाहेरच्या लोकांनी ती हाक ऐकली आणि तेच नाव समजले, म्हणून आज 'हेमिश' हे स्वतंत्र नाव झाले आहे. 'मारी'ची हाक 'अ वारी' अशी होते आणि तिचेही तसेच झाले. लेखनात हा मऊपणा 'एच' अक्षराने दाखवतात: 'बीएच' आणि 'एमएच' यांचा उच्चार 'व'कडे झुकतो, 'एसएच' आणि 'टीएच' यांचा 'ह' होतो, 'एफएच' तर मुकाच राहतो. एवढे तीन नियम पाठ केले, तरी 'शिव्हॉन'सारख्या नावाचे स्पेलिंग पाहून बिचकण्याचे कारण उरत नाही.

'प'चे घड्याळ

या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचे वाटते ते 'प' हे एकच अक्षर, कारण लॅटिन शब्द गेलिकमध्ये केव्हा आला हे ते सांगते.

गेलिक, वेल्श वगैरे केल्टिक भाषांच्या पूर्वजाने मूळ 'प' फार प्राचीन काळी गमावला. संस्कृतात 'पितृ', लॅटिनमध्ये 'पाटेर', आणि जुन्या आयरिशमध्ये 'अथिर': आरंभीचा 'प' गळून पडलेला स्पष्ट दिसतो. लॅटिन 'पिस्किस' म्हणजे मासा आणि आयरिश 'ईअस्क' म्हणजेही मासा; तिथेही तेच. हे शब्द उसने घेतलेले नाहीत. ते एकाच घरातले आहेत, आणि गेलिक शाखेत त्यांच्यातील 'प' हरवला आहे.

पुढे ख्रिस्ती धर्मप्रसारकांबरोबर लॅटिन आयर्लंडमध्ये पोहोचली, तेव्हा तिथल्या लोकांच्या जिभेवर 'प' नव्हताच. त्यांनी त्याच्या जागी आपल्याजवळचा सर्वांत जवळचा ध्वनी, म्हणजे 'क' वर्गातील ध्वनी बसवला. ईस्टर सणाच्या लॅटिन 'पास्का'चे 'कॉश्क' झाले, जांभळ्या रंगाच्या 'पुर्पुरा'चे 'कोरकुर' झाले, खुद्द संत पॅट्रिक यांच्या 'पात्रिकिउस' या नावाचे एक जुने रूप 'कोथ्रिगे' असे झाले. आणि कोंब, रोपटे या अर्थाच्या 'प्लान्टा'चे झाले 'क्लांद', म्हणजे संतती. कोंबावरून संतती हा अर्थविस्तार मराठी वाचकाला नवा वाटणार नाही. 'वंश' हा शब्दसुद्धा मुळात बांबूचाच. हाच 'क्लांद' पुढे 'क्लान' झाला आणि इंग्रजीत जाऊन 'क्लॅन' म्हणून जगभर पसरला. कारखान्याला किंवा रोपाला म्हणतात तो 'प्लांट' आणि स्कॉटिश घराण्याला म्हणतात तो 'क्लॅन' हे एकाच लॅटिन शब्दाचे दोन वंशज आहेत. शेजारच्या वेल्श भाषेला 'प' उच्चारता येत होता, म्हणून तिच्यात 'मुले' या अर्थी आजही 'प्लांट' असाच शब्द आहे.

काही पिढ्यांनी गेलिक बोलणाऱ्यांना 'प' सरावाचा झाला आणि त्यानंतर आलेल्या शब्दांत तो जसाच्या तसा टिकला. 'पेक्काटुम' म्हणजे पाप, त्याचे 'पॅका' झाले. 'पाकेम' म्हणजे शांती. धर्मविधीतल्या शांतीच्या चुंबनावरून त्याचे 'पोग' झाले, आणि आयरिशमध्ये 'पोग' म्हणजे नुसते चुंबन. 'पात्रिकिउस'चेही पुन्हा नव्याने आगमन झाले आणि आजचे 'पाद्रिग' हे रूप त्या दुसऱ्या खेपेचे आहे. तेव्हा शब्द तपासताना असे पाहावे: लॅटिनमध्ये 'प' आणि गेलिकमध्ये काहीच नाही, तर दोन्ही शब्द समान पूर्वजाचे, लॅटिनमध्ये 'प' आणि गेलिकमध्ये 'क', तर जुनी उसनवारी, दोन्हीकडे 'प', तर नंतरची उसनवारी.

स्कॉटलंडमधील गावांच्या नावांतही हे अक्षर कामी येते. 'पिटलॉक्री'सारखा 'पिट' किंवा 'ॲबर्डीन'सारखा 'ॲबर' आरंभी दिसला, तर तो तुकडा गेलिकचा नसून पिक्ट किंवा ब्रिटॉनिक, म्हणजे वेल्शच्या जवळच्या, भाषेचा समजावा. नदीच्या मुखासाठी गेलिकचा स्वतःचा शब्द 'इन्व्हर' आहे, 'इन्व्हर्नेस'मध्ये दिसतो तो.

लॅटिन बाजूने पाहताना

लॅटिन शब्द कोशात प्रथमा विभक्तीत दिलेला असतो आणि तिथेच त्याचे अंग पुष्कळदा लपलेले असते. 'रेक्स' म्हणजे राजा. पण षष्ठीत तो 'रेगिस' होतो, आणि 'रेजिना' हे नाव त्या 'रेग-' अंगावरून बनते. 'फेलिक्स' म्हणजे भाग्यवान. षष्ठीत 'फेलिकिस', म्हणून 'फेलिसिटी' आणि 'फेलिशिया'. वर 'पोग'चा उगम 'पाकेम'मध्ये दाखवला, त्याची प्रथमा 'पाक्स' आहे. यासाठी कोशात शब्दापुढे दिलेले षष्ठीचे रूप आधी वाचावे आणि मगच नावाशी तुलना करावी.

नावाच्या शेवटच्या प्रत्ययाकडेही नीट पाहावे. 'अमांडा' आणि 'मिरांडा' यांतील 'अंडा' हा संस्कृतातील 'वंदनीय', 'स्मरणीय' यांच्या 'अनीय'चे काम करतो: प्रेम करण्याजोगी ती अमांडा, नवल करण्याजोगी ती मिरांडा. 'अजेंडा'ची घडण अशीच, करण्याजोग्या गोष्टी. मात्र शेवटी 'आ' आहे म्हणून नाव लॅटिन असे मानू नये. 'फिओना' हे नाव गोरा, तेजस्वी या अर्थाच्या गेलिक 'फिऑन' शब्दाला लॅटिन पद्धतीचा स्त्रीलिंगी प्रत्यय लावून लेखकांनी बऱ्याच उशिरा घडवलेले आहे.

लॅटिन शब्द दोन वाटांनी येतो हेही ध्यानात असावे. एक वाट थेट पुस्तकांतून, दुसरी फ्रेंच लोकांच्या तोंडून. खोली या अर्थाचा 'कामेरा' थेट आला तेव्हा 'कॅमेरा' राहिला, आणि फ्रेंचमधून झिजून आला तेव्हा 'चेंबर' झाला. 'बस'ची गोष्ट तर याहून विलक्षण आहे: 'ऑम्निबुस' म्हणजे सर्वांसाठी, आणि त्यातील मूळ शब्द गळून केवळ चतुर्थीच्या बहुवचनाचा प्रत्यय आज रस्त्यावर धावतो आहे.

पुष्कळ नावे लॅटिनमधून आली म्हणून लॅटिन ठरत नाहीत. 'शॉन' आणि 'शिव्हॉन' फ्रेंचमधून गेलिकमध्ये आली, फ्रेंचने ती लॅटिनमधून घेतली, लॅटिनने ग्रीकमधून, आणि उगम हिब्रूत आहे. 'मार्गारेट' ग्रीक आहे. अशा वेळी लॅटिन हा मुक्काम आहे, असे टिपून पुढे जावे.

संस्कृतशी साम्य दिसले तर

महिन्यांच्या नावांत 'सप्टेंबर' ते 'डिसेंबर' यांच्या पोटी 'सेप्टेम', 'ऑक्टो', 'नोवेम', 'डेकेम' हे लॅटिन अंक आहेत, कारण जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी त्यांचे साम्य कोणालाही दिसेल, आणि आयरिशमधील 'शॅख्त', 'ओख्त', 'नी', 'देख' हेही त्याच माळेतले मणी आहेत. यावरून लॅटिन किंवा गेलिक संस्कृतातून निघाली असा निष्कर्ष अनेक जण उत्साहाने काढतात. तो काढू नये. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एखाद्या समान, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या उगमातून आल्या असाव्यात असे मांडले आणि केल्टिकचाही त्यात समावेश होण्याची शक्यता सांगितली. पुढच्या अभ्यासाने ते पक्के केले. या बहिणी आहेत, आई-मुली नव्हेत. आयरिश 'री', लॅटिन 'रेक्स' आणि संस्कृत 'राजन्' ही नाती आपल्या भाषेचा मान वाढवणारीच आहेत. त्यांच्यावर मालकी सांगण्याची गरज नाही.

फसवी रूपे

आयर्लंडच्या नकाशावर 'किल' या अक्षरांनी सुरू होणारी गावे असंख्य आहेत. बहुतेकांत तो 'किल्ल' आहे, म्हणजे चर्च, आणि तो लॅटिन 'केल्ला' म्हणजे लहान खोली यापासून आला आहे. तुरुंगातल्या कोठडीला आणि घड्याळात घालायच्या बॅटरीला म्हणतात तो 'सेल' त्याचाच भाऊ. 'किल्डेअर' म्हणजे ओक वृक्षाचे चर्च, 'किलकेनी' म्हणजे संत कॅनिस यांचे चर्च. परंतु गेलिकमध्ये 'क्वील' म्हणजे रान असाही शब्द आहे आणि इंग्रजीत त्याचेही 'किल' किंवा 'काइल' होते. 'किलमोर' या जुन्या धर्मपीठाचे नाव 'मोठे चर्च' आहे, तर 'काइलमोर' म्हणजे 'मोठे रान'. एकाच्या मुळाशी लॅटिन आहे, दुसऱ्याच्या मुळाशी नाही, आणि नुसत्या इंग्रजी स्पेलिंगवरून निकाल देणे हा अंदाज ठरतो.

'कॅम्पबेल'चे उदाहरण तर विद्वानांनाही चकवणारे ठरले. गेलिकमध्ये 'काम बेल' म्हणजे वाकडे तोंड असलेला, जसे 'कॅमेरन' म्हणजे वाकड्या नाकाचा. कागदपत्रे लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांनी मात्र त्याचे 'दे काम्पो बेल्लो', म्हणजे 'सुंदर मैदानाचा', असे रूप केले, आणि त्यावरून घराण्याची एक नॉर्मन वंशकथाही उभी राहिली. जिथे लॅटिन अर्थ गेलिक अर्थापेक्षा फारच देखणा असेल, तिथे पुरावा दुप्पट कसून तपासावा.

आणि काही वेळा शब्दात लॅटिनचा एकही ध्वनी नसतो, तरी लॅटिन असते. 'व्हिस्की' हा गेलिक 'उश्क बाहा'चा पहिला शब्द आहे, 'जीवनाचे पाणी' यातले पाणी. मठांतील लॅटिन जाणणाऱ्यांच्या 'आक्वा विताय' या शब्दप्रयोगाचे ते शब्दशः भाषांतर आहे. त्यातील 'उश्क' हा संस्कृत 'उदक'चा नातलग, आणि 'बाहा' हा लॅटिन 'विता' व संस्कृत 'जीव' यांचा नातलग. म्हणजे शब्द दोन्ही गेलिकचे स्वतःचे, पण त्यांची जोडी लॅटिनची. टिपणवहीत अशा शब्दांसाठी वेगळा रकाना ठेवावा आणि त्यावर 'भाषांतर' असे लिहावे. त्यांना 'उसना' किंवा 'सगोत्र' यांपैकी एकाही रकान्यात ढकलू नये.